४७५ मेगावॅटवरचं युनिट: सायानो-शुशेन्स्काया केंद्रातल्या एका टर्बाइनचं प्रकरण

हेड, म्हणजे पाणी जेवढ्या उंचीवरून येतं ती उंची, २१२ मीटर. पाणी सेकंदाला २५६ घनमीटर. लोड ४७५ मेगावॅट. १७ ऑगस्ट २००९ रोजी सकाळी आठ वाजून तेरा मिनिटांनी, सायबेरियात येनिसेई नदीवरच्या सायानो-शुशेन्स्काया जलविद्युत केंद्रातलं दोन नंबरचं युनिट, म्हणजे टर्बाइन आणि जनरेटरची एक जोडी, या आकड्यांवर चालू होतं. त्यानंतर काही सेकंदांतच त्याचं हेड कव्हर, म्हणजे टर्बाइनवरचं झाकण, निसटलं. रनर (पाण्यानं फिरणारं पात्यांचं चाक), शाफ्ट आणि जनरेटरचा रोटर हा सगळा अवजड ऐवज पाण्याच्या रेट्यानं वर फेकला गेला आणि मशीन हॉलमध्ये नदी शिरली. ७५ माणसं गेली.

या अपघातावर पुष्कळ लिहिलं गेलंय. त्यातलं बरंचसं तुटलेल्या स्टडवर (हे झाकण आवळणाऱ्या जाड बोल्टवर) आणि दोष कुणाचा यावर आहे. मला ते दुसऱ्या बाजूनं बघायचंय. टर्बाइनची कार्यक्षमता कशावर ठरते हे शिकवताना फळ्यावर हेड, डिस्चार्ज (दर सेकंदाला जाणारं पाणी), गाईड व्हेनचं (रनरकडे जाणारं पाणी कमी-जास्त करणाऱ्या झडपांचं) ओपनिंग, कॅव्हिटेशन (बुडबुडे फुटून होणारी पोखरण), झीज अशी यादी लिहिली जाते आणि प्रत्येकाखाली दोन-दोन ओळी येतात. परीक्षेपुरतं ते ठीक आहे. पण हे घटक असे सुटेसुटे कधी येत नाहीत. एकाच यंत्रात, एकाच रात्री ते एकमेकांत कसे अडकतात, ते या दोन नंबरच्या युनिटमध्ये स्वच्छ दिसतं.

आधी एक गुणाकार

पाण्यातून जास्तीत जास्त किती पॉवर मिळू शकते हे काढायला कागद-पेन्सिल पुरते. डिस्चार्ज गुणिले हेड गुणिले ९.८१, की उत्तर किलोवॅटमध्ये मिळतं. त्या सकाळचे आकडे घातले तर २५६ × २१२ × ९.८१ म्हणजे जवळपास ५३२ मेगावॅट. हाती येत होते ४७५. म्हणजे टर्बाइन आणि जनरेटर मिळून कार्यक्षमता ८९ टक्क्यांच्या आसपास.

आता हेच यंत्र ज्या बिंदूसाठी बनवलं होतं तो बिंदू घेऊ. डिझाइन हेड १९४ मीटर, डिस्चार्ज ३५८ घनमीटर, पॉवर ६४० मेगावॅट. तोच गुणाकार केला की ६८१ मेगावॅट येतात. ६४० ला ६८१ नं भागलं की ९४ टक्के.

पाच टक्क्यांचा फरक. ऐकायला किरकोळ वाटतो, म्हणून तो मेगावॅटमध्ये मांडतो. डिझाइन बिंदूवर यंत्र ४१ मेगावॅट गमावतं. त्या सकाळी, शंभर घनमीटर पाणी कमी घेऊनही, ते ५७ मेगावॅट गमावत होतं. काम कमी आणि नुकसान जास्त, असा उलटा हिशेब. हा माझा ढोबळ हिशेब आहे. हेड मोजण्याच्या पद्धतीनं टक्का-अर्धा टक्का इकडेतिकडे होईल. पण फरकाची दिशा बदलणार नाही.

बरं, हा तोटा पाइपमधल्या घर्षणाचा म्हणावा तर तसंही नाही. इथे प्रत्येक युनिटला साडेसात मीटर व्यासाचा स्वतंत्र पेनस्टॉक, म्हणजे पाणी आणणारा पाइप, आहे. ३५८ घनमीटर जाताना त्यात पाण्याचा वेग सेकंदाला आठ मीटरच्या पुढे असतो. २५६ ला तो सहाच्या खाली येतो. घर्षणाचा तोटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे कमी लोडला तो जवळजवळ निम्म्यावर यायला हवा. जनरेटरही त्याच्या ९८ टक्क्यांच्या आसपास इमानेइतबारे चालतो. म्हणजे वाढलेला तोटा टर्बाइनच्या आतच, रनरपाशी आणि रनरखाली होत होता.

केंद्र आणि यंत्र

थोडी ओळख करून देतो. खाकासिया प्रांतात सायानोगोर्स्क शहराजवळ हे केंद्र आहे. धरण सुमारे २४५ मीटर उंच, कमानीच्या आकाराचं. पायथ्याशी दहा युनिटं, प्रत्येक ६४० मेगावॅटचं, एकूण ६,४०० मेगावॅट. आपल्या कोयनेचे सगळे टप्पे एकत्र केले तरी दोन हजारांच्या आत राहतात, त्यावरून आकाराचा अंदाज यावा. वीज प्रामुख्यानं जवळच्या ॲल्युमिनियम कारखान्यांना जाते.

टर्बाइन फ्रान्सिस प्रकारचं, म्हणजे पाणी कडेनं रनरमध्ये शिरून खाली उतरणारं. लेनिनग्राड मेटल वर्क्सनं बनवलेलं. रनरचा व्यास ६.७७ मीटर, पाती सोळा, वजन दीडशे टनांवर. फेरे मिनिटाला १४२.८६. हा विचित्र आकडा ग्रिडमुळे आलाय: ५० हर्ट्झ आणि जनरेटरचे ४२ पोल (चुंबकीय ध्रुव), १२० गुणिले ५० म्हणजे ६०००, भागिले ४२. तो इथे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे तो महत्त्वाचा ठरतो. फेरे ग्रिडला बांधलेले असतात. हेड वाढो, लोड पडो, रनर १४२.८६ नंच फिरणार.

हेड मात्र बदलतं. सायबेरियात हिवाळाभर जलाशय उपसला जातो आणि बर्फ वितळला की उन्हाळ्यात भरतो. या टर्बाइनला १७५ पासून २२० मीटरपर्यंतच्या हेडवर काम करायचं होतं. हेडचं महत्त्व केवढं, तर सुरुवातीला धरण पूर्ण बांधून झालं नव्हतं तेव्हा एक आणि दोन नंबरच्या युनिटांना कमी हेडसाठी वेगळे तात्पुरते रनर बसवले होते. दोन नंबर १९७९ मध्ये त्या तात्पुरत्या रनरवर सुरू झालं. कायमचा रनर १९८६ मध्ये आला. सात वर्षांसाठी अख्खा वेगळा रनर ओतायचा हा खर्च कुणी हौसेनं करत नाही.

ऑगस्टमध्ये जलाशय भरत आलेला होता, म्हणून हेड २१२. जास्त हेड म्हणजे चैन, असं वरवर वाटतं. पूर्ण उघड्या गाईड व्हेनला टर्बाइनची पॉवर हेडच्या दीडाव्या घाताच्या प्रमाणात वाढते. १९४ वरून २१२ ला जाताना ती १४ टक्के वाढू शकते. पण जनरेटर ६४० चाच. त्यामुळे २१२ मीटरवर पूर्ण लोड घ्यायचा असेल तरी गाईड व्हेन पूर्ण उघडता येत नाहीत. ३५८ ऐवजी सुमारे ३२५-३३० घनमीटरमध्येच ६४० होतात. शिवाय या हेडला रनरला मनातून साडेचार टक्के जास्त वेगानं फिरायचं असतं, म्हणजे १४९ च्या आसपास, आणि ग्रिड त्याला १४२.८६ वर धरून ठेवतं. थोडक्यात, भरलेल्या धरणाखाली हे यंत्र पूर्ण लोडलाही आपल्या आवडत्या जागेवरून थोडं सरकलेलंच असतं. तिथून लोड कमी करायला गेलं की ते आणखी दूर जातं.

टेकडी आणि भोवरा

ही आवडती जागा हिल चार्टवर दिसते. सह्याद्रीच्या टोपोशीटवर जशा समोच्च रेषा असतात, तशा या नकाशावर समान कार्यक्षमतेच्या रेषा असतात. आडव्या अक्षावर डिस्चार्ज, उभ्यावर हेड, मधोमध माथा. पेल्टन टर्बाइनची टेकडी पठारासारखी असते. लोड निम्म्यावर आला तरी कार्यक्षमता फारशी ढळत नाही, कारण नोझलमधून येणारी धार बारीक होते पण वेग तोच राहतो. कोयनेच्या पहिल्या दोन टप्प्यांत पेल्टन आहेत, चौथ्यात २५० मेगावॅटचे फ्रान्सिस. फ्रान्सिसचा माथा पेल्टनपेक्षा उंच पण अरुंद. कमी लोडच्या बाजूला उतार तीव्र.

उतार का, ते रनरमध्ये डोकावलं की कळतं. गाईड व्हेन पाण्याला गोल फिरवून रनरमध्ये सोडतात. रनर ते फिरणं काढून घेतो आणि शाफ्टला देतो. हाच काय तो सौदा. माथ्यावर हा सौदा जवळजवळ पूर्ण होतो आणि पाणी खाली ड्राफ्ट ट्यूबमध्ये (रनरखालच्या नळीत) सरळ, न फिरता उतरतं. लोड कमी करायला गाईड व्हेन मिटल्या की पाणी कमी येतं आणि जास्त तिरपं येतं, म्हणजे त्यात फिरणं जास्त असतं. रनरचा वेग तोच, पात्यांचे कोन तेच. सगळं फिरणं काढून घेणं त्याला जमत नाही. उरलेलं फिरणं घेऊन पाणी खाली उतरतं.

मराठीत भोवरा हा शब्द खेळण्यालाही आहे आणि पाण्याच्या गिरकीलाही, ते इथे फार सोयीचं पडतं. ड्राफ्ट ट्यूबच्या मध्यात गिरकीमुळे दाब पडतो आणि तिथे बाष्प-हवेचा एक दोर तयार होतो, ओल्या धोतराला पीळ दिल्यासारखा. हा दोर मधोमध स्थिर राहत नाही. लाकडी भोवरा थकला की जसा डुलत गोल फिरतो, तसा हा दोरही ट्यूबच्या भिंतीलगत गोल फिरू लागतो. त्याचा वेग रनरच्या वेगाच्या साधारण २० ते ४० टक्के असतो. इथे रनर सेकंदाला २.३८ फेरे करतो, म्हणजे दोराचा फेरा दर एक ते दोन सेकंदांना. प्रत्येक फेऱ्याला ड्राफ्ट ट्यूबमध्ये दाबाचा एक हिसका. तो वर रनरला पोचतो, रनरकडून बेअरिंगला आणि हेड कव्हरला.

एक गोष्ट इथे प्रामाणिकपणे सांगायला हवी. वाया गेलेले ५७ मेगावॅट सगळे लोखंड हलवण्यात जात नाहीत. तसं असतं तर यंत्र तासभरही टिकलं नसतं. त्यातला फार मोठा भाग पाण्यातल्या खळबळीत जिरतो आणि शेवटी उष्णता होतो. २५६ टन पाणी दर सेकंदाला जातंय, त्यामुळे ते जेमतेम ०.०५ अंश सेल्सिअसनं गरम होतं. (याच एवढ्याशा तापमानफरकावरून शंभर मीटरच्या वरच्या हेडला टर्बाइनची कार्यक्षमता मोजतात. थर्मोडायनॅमिक पद्धत म्हणतात तिला. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ही थट्टा वाटली होती.) लोखंडाला जाणारा वाटा अगदी बारीक असतो. पण लोखंडाला मेगावॅटशी देणंघेणं नसतं, त्याला हिसक्यांची संख्या कळते.

म्हणूनच कार्यक्षमता आणि कंपन हे दोन वेगळे विषय म्हणून शिकवणं मला पटत नाही. एकाच गिरकीची ती दोन बिलं आहेत. एक पाणी भरतं, दुसरं नट-बोल्ट भरतात.

चार पट्टे

टर्बाइन बनवणाऱ्यांना हे माहीत नव्हतं असं नाही. या युनिटांच्या कामाचे पट्टे ठरवून दिलेले होते. २१२ मीटर हेडला शून्य ते २६५ मेगावॅट हा पहिला पट्टा: चालवा, हरकत नाही. २६५ ते ५७० हा दुसरा: शिफारस नाही, यातून पटकन निघून जा. ५७० ते ६४० तिसरा: इथे चालवा. त्यापलीकडे चौथा: बंदी.

म्हणजे ६४० मेगावॅटच्या यंत्राला सुखानं काम करायला ७० मेगावॅटची फळी, आणि मध्ये ३०० मेगावॅटची दरी.

ही दरी केंद्रचालकाच्या बाजूनं बघा. त्या सकाळी सहा नंबरचं युनिट दुरुस्तीला होतं, बाकी नऊ चालू होती आणि केंद्र सुमारे ४,१०० मेगावॅट देत होतं. सगळ्यांना सारखं वाटून दिलं तर प्रत्येकी ४५५. नऊच्या नऊ दरीत. म्हणून काहींना वर ६०० च्या आसपास ठेवायचं आणि काहींना खाली २६५ च्या आत, असंच करावं लागतं. कागदावर ते जमतं: सहा युनिटं वर, तीन खाली ठेवली तर एकूण ३,४२० पासून ४,६३५ पर्यंत कुणालाही दरीत न पाठवता लोड कमी-जास्त करता येतो. पण खालच्या पट्ट्यातली तीन युनिटं तेवढ्याच विजेसाठी कितीतरी जास्त पाणी पितात. शिवाय लोडची मागणी या कुंपणाबाहेर गेली की कुणीतरी एकानं दरी ओलांडायची, हे आलंच.

ग्रिडला मेगावॅट हवे असतात, टक्के नकोत. ५० हर्ट्झ सांभाळायचे तर कुणीतरी मिनिटामिनिटाला वर-खाली व्हायला हवं आणि जलविद्युत केंद्र ते सगळ्यांत चटकन करतं. कोयनेलाही महाराष्ट्राच्या ग्रिडमध्ये संध्याकाळच्या पीकला हेच करावं लागतं. सायबेरियात नेहमी हा भार बराचसा अंगारा नदीवरचं ब्रात्स्क केंद्र उचलायचं. १६ ऑगस्टच्या रात्री ब्रात्स्कमध्ये दळणवळणाच्या खोलीत आग लागली, तिथला संपर्क तुटला आणि नियंत्रणाची जबाबदारी सायानोवर आली. केंद्राच्या समूह-नियंत्रकात लोड बदलण्यासाठी पहिल्या क्रमांकावर ठेवलेलं युनिट होतं दोन नंबर. त्याच रात्री सव्वाअकराच्या सुमारास ते सुरू केलं होतं.

रात्रभर त्याचा लोड १० पासून ६१० मेगावॅटपर्यंत वर-खाली होत राहिला. दरी सहा वेळा ओलांडली गेली. सकाळी आठ-बाराला नियंत्रकानं पुन्हा लोड कमी करायला घेतला. ६०० वरून खाली येताना ४७५ वर ते सातव्यांदा दरीत होतं.

ऐंशी स्टड

हेड कव्हर म्हणजे टर्बाइनच्या डोक्यावरचं झाकण. स्पायरल केसिंगमध्ये, म्हणजे रनरभोवतीच्या गोल नळीत, २१२ मीटर पाण्याचा दाब, दर चौरस सेंटिमीटरला २१ किलो. त्या दाबातलं पाणी आणि मशीन हॉल यांच्यामध्ये एवढं एकच झाकण. ते ऐंशी स्टडनी आवळलेलं होतं, प्रत्येक स्टड ८० मिलिमीटर व्यासाचा. माणसाच्या मनगटाहून जाड.

चौकशीत ४९ स्टड तपासले. त्यांतले ४१ थकव्यामुळे, म्हणजे फटिगनं तुटलेले होते. आठांमध्ये तर नव्वद टक्क्यांहून जास्त छेद आधीच चिरलेला होता. धातूचा एक पातळ चंद्रकोरीएवढा तुकडा शेवटपर्यंत भार धरून होता. फटिगनं तुटलेला स्टड हातात घेऊन कधी पाहिलात तर छेदावर शिंपल्यासारख्या रेषा दिसतात, एकात एक. प्रत्येक रेषा म्हणजे चीर थोडी पुढे सरकून थांबल्याची खूण. शेवटचा तुटलेला भाग खडबडीत, चमकदार. पुढे सरकायला वर्षं लागतात, तुटायला एक क्षण. आणि सहा स्टडच्या आट्यांवर ओरखडाही नव्हता. म्हणजे त्यांवर नटच नव्हते.

तीस वर्षांत ही चीर कुणाला दिसली कशी नाही? उत्तर साधं आहे. बाहेरून ती दिसत नाही. अल्ट्रासोनिक तपासणी केली तर कळते आणि ती या स्टडसाठी तेव्हा बंधनकारक नव्हती. सोव्हिएत काळात, १९८३ मध्ये, ताजिकिस्तानातल्या नुरेक केंद्रात हेड कव्हरचे स्टड असेच तुटले होते. तिथे जीवितहानी झाली नाही आणि तो धडा या केंद्रापर्यंत पोचला नाही.

अपघाताच्याच वर्षी, २००९ च्या जानेवारी ते मार्चमध्ये, युनिट दोनची मोठी दुरुस्ती झाली होती. नवा इलेक्ट्रो-हायड्रॉलिक गव्हर्नर (गाईड व्हेन उघड-मिट करणारा नियंत्रक) बसवला. रनरच्या पात्यांवरचे कॅव्हिटेशनचे खड्डे आणि चिरा वेल्डिंगनं भरल्या. हे प्रत्येक जलविद्युत केंद्रात होतं. दाब पडलेल्या जागी पाण्याचे बुडबुडे होतात, दाब वाढला की फुटतात आणि पोलादाला मधमाश्यांच्या पोळ्यासारखं पोखरतात. खड्डे भरायचे, ग्राइंडरनं घासून पात्याचा मूळ आकार आणायचा, टेम्प्लेट लावून बघायचं. घासणाऱ्याचा हात चांगला असेल तर गेलेला अर्धा-एक टक्का परत येतो. नसेल तर पातं जाडजूड होतं, प्रवाह फाटतो आणि पुढच्या हंगामात खड्डा शेजारी पडतो. शिवाय वेल्डिंगनं वजन वाढतं, आणि ते सोळाही पात्यांवर सारखं वाढत नाही. या दुरुस्तीनंतर रनरचं बॅलन्सिंग झालं नव्हतं, असा चौकशीत ठपका आहे. गव्हर्नर नवा, त्यामुळे लोड बदलायला तत्पर. रनर जुना, ठिगळं लावलेला. स्टड त्याहून जुने. यंत्राच्या सगळ्यांत चपळ भागानं सगळ्यांत थकलेल्या भागाला रात्रभर पळवलं.

८४० मायक्रॉन

टर्बाइन बेअरिंगवरच्या एका सेन्सरनं अपघाताआधी ८४० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) कंपन दाखवलं. मर्यादा होती १६०. चौकशी अहवालात हा आकडा ठळकपणे येतो, आणि त्यावरून सहज वाटतं की मर्यादेच्या पाचपट कंपन असताना यंत्र बंद का केलं नाही, हा उघड हलगर्जीपणा आहे.

पण पुढे काही तज्ज्ञांनी एक खोच काढली: हाच सेन्सर युनिट बंद असतानाही मोठं कंपन दाखवत होता आणि बाकीचे सेन्सर इतकं काही सांगत नव्हते. म्हणजे सेन्सर खराब असावा. दुरुस्तीनंतर हे युनिट दुसऱ्या पट्ट्यात एकूण ४६ मिनिटंच होतं, असाही हिशेब निघाला; इतर काही युनिटं त्याहून जास्त वेळ होती. मग एवढ्याशा वेळात स्टड तुटले कसे, हा प्रश्न उरतो. माझं मत असं, की उत्तर २००९ मध्ये शोधणं चूक आहे. चिरा त्याआधीच्या तीस वर्षांच्या होत्या. तात्पुरत्या रनरची वर्षं, हेडचे चढउतार, हजारो वेळा ओलांडलेली दरी, सगळं त्यात जमा होतं. ती रात्र शेवटचा हप्ता होती.

आणि सेन्सर खराब असणं हे मला चांगल्या सेन्सरपेक्षा जास्त अस्वस्थ करतं. कंट्रोल रूममध्ये बसणाऱ्याला ठाऊक असतं, अमुक मीटर नेहमीच वर असतो, त्याच्याकडे बघायचं नाही. कोणत्याही पॉवर हाऊसमध्ये जा, असा एक तरी मीटर दाखवतील, त्यावर चिकटपट्टी लावलेली असते. त्या मीटरच्या जागी त्या दिवशी खरं माप मिळालं असतं तर काय झालं असतं, सांगता येत नाही. पण टर्बाइनची पॉवर आणि पाणी रोज मोजणाऱ्या केंद्रात ८९ टक्के हा आकडा कुणाच्या तक्त्यावर लाल झाला नसणार हे नक्की. कमी लोडला कार्यक्षमता पडणारच, असं सगळ्यांनीच धरलेलं असतं.

नंतर

पाणी मशीन हॉलमध्ये घुसल्यावर केंद्राचा स्वतःचा वीजपुरवठा गेला. शॉर्ट सर्किटं झाली. नऊपैकी फक्त पाच नंबरचं युनिट आपल्या संरक्षण यंत्रणेनं नीट बंद झालं. सात आणि नऊ नंबरची भयंकर मोडतोड झाली. सहा नंबर दुरुस्तीला उघडं पडलेलं होतं म्हणून सगळ्यांत कमी नुकसानीत वाचलं. इनटेक गेट, म्हणजे पेनस्टॉकच्या तोंडाची दारं, खाली सोडायला वीज नव्हती. माणसं धरणाच्या माथ्यावर पळाली आणि गेट हातानं सोडली. त्यात तासाभराहून जास्त गेला. मग सांडव्याची दारं उघडायची होती, नाहीतर येनिसेई धरणामागे साठतच राहिली असती.

पुढचा हिवाळा सांडवा चालूच ठेवावा लागला. सायबेरियाच्या थंडीत त्यावर उडालेल्या तुषारांचा बर्फ होऊन सांडव्याच्या आजूबाजूला डोंगर झाले. २१२ मीटर हेडचं ते पाणी शून्य टक्के कार्यक्षमतेनं नदीत पडत होतं. सरासरी वर्षाला या केंद्राकडून विजेची सुमारे २३ अब्ज युनिटं (किलोवॅट-तास) अपेक्षित असतात. एक टक्का कार्यक्षमता म्हणजे २३ कोटी युनिटं. त्या हिवाळ्यात टक्क्यांची भाषाच उरली नव्हती.

सहा नंबर फेब्रुवारी २०१० मध्ये पुन्हा सुरू झालं. त्यानंतर जुनी दुरुस्त करत बसण्यापेक्षा दहाही युनिटांची यंत्रं नवी बसवायची ठरली. नव्या रनरची कमाल कार्यक्षमता ९६.६ टक्के, आयुष्य चाळीस वर्षं धरलेलं, कॅव्हिटेशनला जास्त टिकाऊ. कंपन वाढलं तर यंत्र आपणहून बंद व्हावं अशी यंत्रणा जोडली. इनटेक गेटसाठी स्वतंत्र वीजपुरवठा आला. स्टडची अल्ट्रासोनिक तपासणी आता होते.

सगळ्यांत शेवटी सुरू झालं दोन नंबर, नोव्हेंबर २०१४ मध्ये. ६४० मेगावॅट, १९४ मीटर डिझाइन हेड, फेरे १४२.८६. रनर नवा असला तरी आहे फ्रान्सिसच, आणि त्याच्याही तक्त्यात मधला पट्टा आहे.